रोनकाठची सत्तरी

रेल्वेच्या ट्रॅक्शन विभागात आयुष्य गेलेल्या माणसाच्या घरात रविवार नसतो. बाकीच्या मुंबईसाठी मेगाब्लॉक म्हणजे गाड्या बंद, एवढंच. आमच्याकडे मेगाब्लॉक म्हणजे पहाटेचा डबा, टॉवर वॅगनच्या फळीवर उन्हात उभा राहिलेला नवरा आणि संध्याकाळी काळवंडलेले हात घेऊन परतलेला, जेवता जेवता पेंगणारा माणूस. मुलीचे वाढदिवस, माझ्या भावाचं लग्न, गणपतीचं विसर्जन, सगळ्या फोटोंत ह्यांची जागा रिकामी. तक्रार म्हणून हे सांगत नाही. लोकल धावते त्यामागे कुणाचे तरी रविवार असतात हे मला लग्नाआधीच माहीत होतं, कारण मी गिरणगावात वाढले. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. भोंग्यावर उठणारं आणि भोंग्यावर निजणारं घर मला नवं नव्हतं.

ह्यांना सत्तर पूर्ण व्हायला आली तशी घरात चर्चा सुरू झाली. थोरल्या जाऊबाईंचं म्हणणं, सत्तरीची शांत करावी, जेवण घालावं. मुलीचं म्हणणं, बाबांना कुठंतरी घेऊन जा. हे नेहमीप्रमाणे गप्प. शेवटी एका रात्री म्हणाले, "मला फ्रान्सची तार बघायचीय." मी हसले नाही. कारण ही गोष्ट मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. भारतीय रेल्वेनं १९५७ मध्ये विजेच्या गाड्यांसाठी २५ किलोव्होल्ट ए.सी. पद्धत स्वीकारली ती फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्यानं. त्याआधीची मुंबईची वीज म्हणजे १५०० व्होल्ट डी.सी. व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली ती याच दाबावर. ह्यांची सगळी नोकरी डी.सी.च्या तारेखाली गेली आणि शेवटची वर्षं तीच तार ए.सी.वर नेण्यात. मुंबईतलं ते काम २०१६ पर्यंत चाललं, तोवर हे निवृत्त झाले होते. ज्या देशात या दोन्ही तारा अजून शेजारी-शेजारी नांदतात, तो देश बघायची इच्छा मला अगदी रास्त वाटली. मुलीनं पॅरिसहून लियोंपर्यंत गाडी आणि लियोंहून आर्लपर्यंत रोन नदीवरची बोट अशी तिकिटं काढून दिली.

पॅरिसबद्दल फार लिहीत नाही. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. एकच जागा सांगते. सेन नदीच्या काठावरचं ओर्से संग्रहालय मुळात रेल्वे स्टेशन आहे. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलं, आणि पहिल्या दिवसापासून तिथं गाड्या विजेवर यायच्या. वाफेच्या इंजिनाचा धूर नको म्हणून त्या काळात ही सोय. पुढं गाड्या लांब झाल्या, फलाट अपुरे पडले, स्टेशन निकामी झालं. १९८६ मध्ये तिथं संग्रहालय उघडलं. लोक चित्रांपुढं थबकत होते, हे छतापुढं. एवढा मोठा कमानीचा गाळा मधे खांब न घालता कसा तोलला असेल, हे मान वर करून पाहत राहिले. मग आम्ही वर गेलो आणि व्हॅन गॉगच्या एका चित्रापुढं दोघंही थांबलो. १८८८ च्या सप्टेंबरमध्ये आर्ल गावात काढलेली रोन नदीवरची रात्र. आकाशात सप्तर्षी, काठावर गॅसच्या दिव्यांची रांग, त्या दिव्यांचे पाण्यात ओघळलेले लांब पिवळे पट्टे आणि खाली कोपऱ्यात एक जोडपं. त्याच नदीवरून आम्ही त्याच गावाला निघालो होतो.

लियोंची गाडी गार द लियों स्टेशनातून सुटते. ६७ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा, आणि आत पाटीवर सतत सरकणारी नावं. टीजीव्हीत बसल्यावर हे खिडकीशी. पॅरिसबाहेर पडेपर्यंत गाडी १५०० व्होल्ट डी.सी.वर चालते, पुढं वेगवान मार्ग लागला की २५ किलोव्होल्ट ए.सी. मधल्या बिनविजेच्या तुकड्यातून ती वेगातच निसटते आणि पलीकडं दुसरी वीज उचलते. हे मला आधी सांगून ठेवलं होतं. तो क्षण आला तसं ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "आत्ता." मला काहीच जाणवलं नाही. डब्यातल्या कुणालाच जाणवलं नसणार. पण ज्यानं इगतपुरीला डी.सी.चं इंजिन काढून ए.सी.चं इंजिन जोडण्यासाठी थांबलेल्या गाड्या वर्षानुवर्षं पाहिल्या, त्याला तो क्षण जाणवला. आपण इगतपुरीला उतरून वडा खायचो, चहा घ्यायचो. ती थांबायची वेळ कशासाठी होती हे प्रवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

पॅरिस ते लियों हा वेगवान मार्ग १९८१ मध्ये सुरू झाला. त्या मूळ मार्गावर एकही बोगदा नाही. डोंगर आला की गाडी त्याच्या अंगावरून चढते आणि उतरते. चढ साडेतीन टक्क्यांपर्यंत, म्हणजे आपल्या बोरघाटाहून कडक. बोरघाटात सदतीस फुटांना एक फूट चढ आहे आणि त्यासाठी कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. इथं ताशी जवळजवळ ३०० किलोमीटरचा वेगच गाडीला टेकडीवर नेऊन सोडतो. बाहेर बर्गंडीची कुरणं, पांढऱ्याशुभ्र शारोले गाई, खेड्यांमधले चर्चचे कळस, सगळं येत होतं आणि जात होतं. मला यातलं काही धरून ठेवता येत नव्हतं. ह्यांना मात्र खांबांची लय ऐकू येत असावी. तो प्रवास त्यांचा होता. माझा लियोंपासून सुरू झाला.

लियों दोन नद्यांमधलं शहर. उत्तरेकडून सोन येते, पूर्वेकडून, आल्प्समधली हिमनदी आणि जिनिव्हाचं सरोवर मागं टाकून, रोन येते. शहराच्या दक्षिण टोकाला दोघी मिळतात. शहरात दोन टेकड्या. फूर्व्हिएरच्या टेकडीवर चर्च आणि मठ, तर क्र्वा-रूसच्या टेकडीवर विणकर. तिथले लोक एकीला प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात, दुसरीला काम करणारी. मला अर्थात दुसरीवर जायचं होतं.

क्र्वा-रूसच्या इमारती पाहताक्षणी मी ओळखल्या. खिडक्या अरुंद आणि अतोनात उंच. आतल्या खोलीची उंची चार मीटरच्या आसपास, कारण जॅकार्डचा साचा तेवढा उंच. साच्याला माणसाच्या जागेहून मोठी जागा. झोपण्यासाठी त्याच खोलीत वर एक लाकडी माळा. खाली साचा, चूल, मुलं, शिकाऊ पोरं. लालबागच्या चाळीत आम्ही दहा बाय बारात राहायचो आणि साचा गिरणीत असायचा. इथं साचाच घरात. म्हणजे या घरांना भोंग्याची गरजच नव्हती. काम कधी सुटतच नव्हतं. या रेशीम विणकरांना लियोंत कान्यू म्हणतात.

तिथल्या मेझों दे कान्यूमध्ये जुना हातमाग चालवून दाखवतात. एका बाईनं आधी पंचकार्डांची माळ दाखवली. जोसेफ जॅकार्डनं १८०४ मध्ये केलेली ही युक्ती. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यांना भोकं. जिथं भोक तिथं सुई आत जाते, तिच्याशी जोडलेला आकडा वर उचलला जातो आणि त्याबरोबर ताण्याचा तेवढा धागा वर येतो. भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. एक पट्टी म्हणजे बाण्याची एक ओळ. फुलाची एक पाकळी उमटायला कितीतरी पट्ट्या. मग तिनं पायानं दाब दिला, दोरी ओढली आणि धोटा पलीकडं गेला.

त्या आवाजानं मला उभं राहवेना. बाबांच्या खात्यात मी एकदाच गेले होते, जॉबरकाकांच्या ओळखीनं, सणाच्या आदल्या दिवशी. शेकडो साचे एकाच वेळी चालू. कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. माणसं ओठांवरून आणि हातांवरून बोलत होती. बाबांची ही सवय घरीही सुटली नाही. पाणी हवं असेल तर ते बोटांनी सांगायचे. लियोंचा हा एकटा माग त्या गर्जनेपुढं काहीच नव्हता, पण धोटा परत येतानाचा जो ठोका, तो तोच होता. ह्यांनी कुठून तरी एक खुर्ची आणून मला बसवलं.

नोव्हेंबर १८३१ मध्ये हेच विणकर टेकडीवरून खाली उतरले. कापडाच्या मजुरीचा किमान दर ठरला होता आणि व्यापाऱ्यांपैकी अनेकांनी तो द्यायला नकार दिला. विणकरांनी शहर ताब्यात घेतलं. मग राजानं मोठं सैन्य पाठवून ते परत घेतलं आणि ठरलेला दर रद्द झाला. १८३४ मध्ये ते पुन्हा उठले, त्या वेळी रस्त्यांवर शेकडो माणसं मेली. युरोपातल्या कामगारांच्या लढ्यांची कहाणी सांगताना आजही लियोंचं नाव सुरुवातीला घेतात. मी ते ऐकत होते आणि मला १८ जानेवारी १९८२ दिसत होता. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर. सुरुवातीचे मोर्चे, मग महिने, मग गावी निघून गेलेली बिऱ्हाडं, मग चाळीतली एकेक विकलेली वस्तू. बाबा पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. उरलेली वर्षं त्यांनी एका इमारतीत रात्रपाळीचा पहारा केला. संप कधी मागे घेतला गेला अशी तारीखच आमच्या घराला ठाऊक नाही.

क्र्वा-रूसला एका इमारतीच्या आंधळ्या भिंतीवर प्रचंड चित्र आहे, सुमारे १२०० चौरस मीटरचं. त्यात टेकडीचाच देखावा: पायऱ्या, खिडक्या, रस्त्यावरची माणसं. पहिल्यांदा १९८७ मध्ये रंगवलं, मग १९९७ मध्ये आणि २०१३ मध्ये पुन्हा. दर वेळी चित्रातली झाडं वाढवली, दुकानं बदलली आणि माणसांची वयंही वाढवली. मला हे फार आवडलं. शहरानं आपल्या माणसांना भिंतीवर म्हातारं होऊ द्यावं, याहून मोठा मान कुठला? गिरणगावात आमच्या धुरांड्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. त्यांतल्या एकाही भिंतीवर साचेवाला नाही.

लियोंमध्ये आणखी एक जागा. १८९५ मध्ये ल्युमिए बंधूंनी आपल्या कारखान्यातून सुटणारे कामगार कॅमेऱ्यात टिपले. फोटोच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात बहुतेक बायका; लांब झगे, टोप्या, घाईची पावलं, मधेच एक कुत्रा. सिनेमाच्या अगदी सुरुवातीला जे चित्र आहे ते पाळी सुटल्याचं आहे. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएंचे जे खेळ दाखवले, त्यांत हाही होता. ज्या कमानीतून त्या बायका बाहेर पडल्या, ती शेड लियोंला जपून ठेवली आहे. दिवसाला जगभरातले किती लोक तिथून आत जातात. मी मात्र आतून बाहेरच्या बाजूला चालत आले, त्या बायकांच्या दिशेनं. मुद्दाम.

बोट रात्री लियोंहून सुटली. नदीवरची ही बोट ११० मीटर लांब आणि ११.४ मीटर रुंद. लियोंपासून समुद्राकडं जाताना रोनवर बारा लॉक आहेत, प्रत्येक बारा मीटर रुंद. म्हणजे भिंतीपासून अंतर दोन्ही बाजूंनी जेमतेम फूटभर. लॉक म्हणजे पाण्याची कुंडी. बोट आत शिरली की मागचं दार बंद होतं, पाणी हळूहळू खाली सोडतात, बोट पाण्याबरोबर खाली उतरते आणि मग पुढचं दार उघडतं. झोपेत एक-दोन लॉक गेले. केबिनच्या खिडकीपुढं अचानक ओली काँक्रीटची भिंत आली की कळायचं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर बसून किनारे पाहताना मला सारखं वाटत होतं की ही नदी आता फार समजूतदार झाली आहे. पूर्वी ती तशी नव्हती. रोनचे नावाडी, विशेषतः काँद्रियो गावचे, मीठ, धान्य आणि दारूची पिंपं भरलेल्या होड्या प्रवाहाबरोबर काही दिवसांत खाली नेत. वर येताना मात्र काठावरून घोड्यांच्या लांबच लांब रांगा दोरखंडांनी त्या होड्या ओढत आणि त्याला आठवडेच्या आठवडे लागत. मग वाफेच्या बोटी आल्या, मग १८५० च्या दशकात नदीच्या काठानं रेल्वे आली आणि नावाड्यांचा धंदा बुडाला. प्रोव्हान्सचे कवी फ्रेदेरिक मिस्त्राल यांनी १८९७ मध्ये एक दीर्घकाव्य प्रसिद्ध केलं, ते या अखेरच्या नावाड्यांवर. १९०४ मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं आणि त्या पैशातून त्यांनी आर्लमधलं आपल्या लोकांच्या वस्तूंचं संग्रहालय वाढवलं. कपडे, अवजारं, पाळणे, होड्यांच्या वस्तू. एका कवीनं नोबेलचा पैसा नांगर आणि टोपल्या जपण्यासाठी वापरावा, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. हे ऐकून ह्यांचा चेहरा मात्र जरा पडला. "रेल्वेनं पोट मारलं म्हणायचं," म्हणाले. मी म्हटलं, "आणि पोट भरलंही, अहो. दोन्ही खरं."

तुर्नोंला एक झुलता पूल आहे, पायी चालण्याचा. इथं १८२५ मध्ये मार्क सगँ या इंजिनिअरनं लोखंडी तारांवर पहिला पूल टांगला. युरोप खंडावरचा त्या जातीचा पहिला मोठा पूल. तो आता नाही, आजचा पूल त्याच्याच कामातला, नंतरचा. जाड साखळीपेक्षा बारीक तारांची जुडी जास्त भरवशाची असते, हे सगँनं ओळखलं. ह्यांनी पुलाच्या तारेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. पलीकडच्या काठावर एर्मिताजची द्राक्षांची टेकडी, उन्हाकडं तोंड करून. सगळे प्रवासी तिकडं दारू चाखायला गेले. आम्ही पुलावर होतो.

वाटेत क्र्युआचं अणुवीज केंद्र लागलं. थंड करायच्या मनोऱ्यांपैकी एकावर एक बाळ रंगवलेलं आहे, शंखाशी खेळणारं. त्याच संध्याकाळी बोट विविए गावाच्या धक्क्याला लागली. धक्क्यापासून गावापर्यंत मेपलसारख्या पानांच्या जुन्या प्लेन झाडांची दुहेरी ओळ, वर टेकडीवर लहानसं कॅथिड्रल. आणि त्या दिवशी ह्यांचा वाढदिवस.

बोटीवर आग चालत नाही, त्यामुळं निरांजन नव्हतं. सुपारी, अंगठी, अक्षता आणि कुंकू घेऊन मी केबिनमध्येच ह्यांचं औक्षण केलं. घरून बेसनाचे लाडू आणले होते. रात्री जेवणघरात बोटीवरच्या मंडळींनी केक आणला आणि गाणं म्हटलं, चाळीस-पन्नास अनोळखी माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. ह्यांनी हात जोडले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. निवृत्तीच्या दिवशीही आलं नव्हतं. नंतर मला म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाढदिवसाला गाडी वेळेवर आहे की नाही याची काळजी नव्हती."

बोलेनचा लॉक दुसऱ्या दिवशी आला. त्यासाठी सगळे गच्चीवर. दोंझेरच्या खाली बोट नदी सोडून एका सरळ कालव्यात शिरते, त्या कालव्यावर बोलेनचं वीजघर आणि त्याच्या शेजारी लॉक. १९५२ मध्ये पूर्ण झालं. पाण्यातला फरक सुमारे २३ मीटरचा, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढा. बोट आत गेली तेव्हा आम्ही काठाच्या गवताच्या पातळीवर होतो. मग पाणी उतरू लागलं. भिंत वर वर चढत गेली, शेवाळाचा वास आला, आकाशाची पट्टी अरुंद झाली. बोटीचा दोर ज्या लोखंडी खुंटीला बांधला होता, ती खुंटीही भिंतीच्या खाचेतून पाण्याबरोबर खाली येत होती. हे कठड्याशी वाकून तेवढीच एक खुंटी बघत होते. दोर ना ताणला गेला, ना सैल पडला. एवढी मोठी बोट एवढी खाली आली आणि पाण्यावर साधी लाटही नाही. मग समोरचं पोलादी दार वर उचललं गेलं, खालून उजेड आत आला आणि आम्ही पुढं निघालो.

या नदीवरची धरणं आणि लॉक कॉम्पानी नास्योनाल द्यु रोन या १९३३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे. वीज, जलवाहतूक आणि शेतीचं पाणी, ही तीन कामं तिला सुरुवातीलाच नेमून दिलेली. ह्यांनी मला तिथंच गच्चीवर सांगितलं की खोपोलीच्या टाटांच्या वीजघरातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली आणि रेल्वेनं नंतर ठाकुर्लीला स्वतःचं वीजघर बांधलं. म्हणजे सह्याद्रीत पडलेला पाऊस घाटातून नळातून खाली आला आणि माझ्या बाबांच्या साच्यापर्यंत पोचला. इतकी वर्षं आम्ही दोघं आपापली माणसं वेगळी समजत होतो: ह्यांची तारेची, माझी धाग्याची. बोलेनच्या त्या भिंतींमधे बसून मला ती एकाच पाण्यावरची वाटली.

त्या दिवशी दुपारनंतर मिस्त्राल वारा सुटला. कवीचं आणि या वाऱ्याचं नाव एकच. उत्तरेकडून खोऱ्याच्या नळीतून तो असा येतो की गच्ची बंद करावी लागली. या भागात शेतांच्या उत्तरेला सुरूसारख्या सायप्रसच्या भिंती का लावतात आणि जुन्या घरांना उत्तरेकडं खिडक्या का नसतात, हे विचारायची गरज उरली नाही.

अव्हिन्योंला पोपचा राजवाडा आहे. १३०९ पासून सत्तरेक वर्षं पोप रोमऐवजी इथं राहिले. आम्हाला तो मोठा आणि रिकामा वाटला. तिथं मला जास्त जवळची वाटली ती एक आठवण: १९८५ च्या नाट्यमहोत्सवात पीटर ब्रुक यांनी गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत महाभारताचं नाटक केलं, रात्रभर, सुमारे नऊ तासांचं. पांडवांची गोष्ट या वाऱ्यात कशी ऐकू आली असेल? नदीत उभा असलेला बेनेझेचा पूल मात्र ह्यांनी सोडला नाही. बाराव्या शतकात बांधलेला, बावीस कमानींचा. आता चार उरल्या आहेत आणि पूल मधेच, पाण्यावर संपतो. पूर यायचा, कमानी जायच्या, लोक पुन्हा बांधायचे. सतराव्या शतकात एका मोठ्या पुरानंतर दुरुस्ती सोडून दिली. टोकाला उभं राहून हे म्हणाले, "पुरानं नाही मोडला हा. मेंटेनन्स बंद केला त्या दिवशी मोडला." आयुष्यभर देखभाल केलेल्या माणसाचं हे मत आहे आणि मला ते पटतं.

आर्लला बोट शेवटची थांबते. इथं २० हजार प्रेक्षकांचं रोमन रंगमंडळ आहे, आणि इथंच झान कालमाँ जन्मली आणि १२२ वर्षं जगून १९९७ मध्ये वारली. माणसाचं एवढं दीर्घ आयुष्य दुसरं नोंदलेलं नाही. ह्यांना सत्तरी लहान वाटावी म्हणून मी ते मुद्दाम वाचून दाखवलं. व्हॅन गॉग १८८८ च्या फेब्रुवारीत इथं रेल्वेनंच आला, बर्फ पडलं होतं. त्याचं पिवळं घर स्टेशनजवळच होतं. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात पडलं. त्यानं त्या घराचं चित्र काढलं त्यात मागच्या पुलावरून धूर सोडत एक गाडी चालली आहे. त्याचा दोस्त जोसेफ रूलँ, निळ्या गणवेशातला दाढीवाला, आर्लच्या स्टेशनात गाड्यांवर टपाल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. व्हॅन गॉगनं त्याला, त्याच्या बायकोला, मुलांना पुन्हा पुन्हा रंगवलं. आजारपणात त्याची चौकशी करणारा माणूस हाच. मला व्हॅन गॉगची सूर्यफुलं आवडतात, पण रूलँ जास्त आवडतो.

आणि आर्लला रेल्वेचं वर्कशॉप होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झालेलं, १९८४ मध्ये बंद पडलं. त्याच्या जागेवर आता कलेचं मोठं केंद्र आहे. फ्रँक गेरीनं उभारलेला, पत्र्याच्या तुकड्यांनी चमकणारा मनोरा २०२१ मध्ये उघडला. त्याच्या पायथ्याशी जुन्या शेड तशाच ठेवल्या आहेत: लोहारशाळा, यंत्रशाळा, मोठा हॉल. मनोऱ्याकडं ह्यांनी एकदाच पाहिलं. मग यंत्रशाळेत शिरले आणि खांबांच्या ओळीत चालत सांगू लागले, इथून क्रेन जायची, बघ, हा तिचा रूळ ठेवायचा आडवा खांदा; इथं चाकं काढत असणार, कारण उजेड इथं जास्त आहे; या भिंतीला तेलाचा काळा पट्टा आहे, इथं लेथ. दाराशी बसलेला पहारेकरी उठून आला. फोनवर भाषांतर करत करत कळलं की त्याचे वडील इथं फिटर होते. ह्यांनी तिकिटाच्या मागं खांब, वरची झुलती तार, तिला लटकलेली संपर्कतार आणि त्यांमधले ड्रॉपर असं चित्र काढून दाखवलं. तो माणूस आत गेला आणि आपल्या सहकाऱ्याला घेऊन आला.

मुंबईत परळचं वर्कशॉप १८७९ चं आहे. माटुंग्याचं आहे, लोअर परळचं आहे. कधीतरी तीही बंद होतील किंवा हलतील आणि त्यांच्या जागी काहीतरी उभं राहील. तेव्हा त्याच्या दाराशी फिटर, टर्नर, बॉयलरमेकर आणि खलाशांची नावं लागावीत, घरी ज्या नावानं हाक मारत त्या नावांसकट, असं मी आर्लच्या स्टेशनवर ह्यांना म्हटलं. "तुझ्या बाबांच्या खात्यातलीसुद्धा," हे म्हणाले. माझ्याकडं वही होती. गाडी सुटली, वर १५०० व्होल्टची तार, आणि ह्यांनी सांगायला सुरुवात केली. कसाऱ्याचे एक खलाशी, ज्यांना तारेची उंची नुसत्या नजरेनं कळायची. कल्याणचे एक लाइनमन, पावसात मोजे घालायचे नाहीत, पायानं जमीन कळते म्हणायचे. टॉवर वॅगनवर भजन म्हणणारे आणि त्या भजनाच्या चालीवर पाना फिरवणारे दोघं भाऊ. अव्हिन्यों येईपर्यंत दोन पानं भरली. मी पान उलटलं आणि विचारलं, "ब्लॉकमध्ये डबे कोण पोचवायचं?"